खिळ्यावरचं शून्य

गडहिंग्लजमध्ये वाढलेल्या पोराचा घोटा आयुष्यात एकदा तरी फुटबॉलमुळे सुजतो. माझा गेल्या डिसेंबरात सुजला. मित्रानं गाडीवर मागे बसवून एका खासगी दवाखान्यात नेलं. एक्स-रेच्या खोलीबाहेर बाकावर बसलो होतो. समोरच्या भिंतीवर कालनिर्णय, त्याच्या शेजारी एक खिळा आणि खिळ्याला काड्यापेटीएवढा एक प्लॅस्टिकचा बॅज लटकत होता. त्यावर एक नंबर आणि नाव.

एक्स-रे काढणारे आण्णा बाहेर आले. आण्णा म्हणजे आमच्या गल्लीतलेच, वय बावन्न. वयाच्या एकविसाव्या वर्षापासून हेच काम करतात. बॅजवर त्यांचंच नाव होतं. मी विचारलं, "आण्णा, हा बॅज छातीला लावायचा असतो ना?"

"असतोय की."

"मग इथं कशाला?"

आण्णा हसले. "मागं एकदा आत ॲप्रनवरच ऱ्हायला. रात्रंदिवस मशीनपुढं. रिपोर्ट आला तो असा मोठा आकडा घेऊन. मुंबईस्नं पत्र. खुलासा द्या, फॉर्म भरा, डॉक्टर चिडलेले. तवापासनं हितं लावतोय. आता दर खेपेला शून्य येतं. शून्य आलं की समदे खूश."

पायाचा फोटो निघाला, हाड मोडलेलं नव्हतं, क्रेप बँडेज बांधून मी घरी आलो. पण ते शून्य डोक्यातून जाईना. आण्णांनी कुणाचे पैसे खाल्ले नव्हते, कुणाला फसवायचं म्हणून काही केलं नव्हतं. कटकट नको म्हणून एक वस्तू जागेवरून हलवली होती, इतकंच. तरी दर तीन महिन्यांनी देशाच्या एका मोठ्या वहीत त्यांच्या नावापुढे एक खोटा आकडा जमा होत होता. हे खोटं कुणाशी होतं? त्यानं कुणाचं काय बिघडत होतं? आणि दोष द्यायचाच झाला तर कुणाला? या लेखात एवढेच तीन प्रश्न आहेत.

वाचलं की पुसलं

आधी तो बॅज काय करतो ते समजून घेऊ. त्याला टीएलडी बॅज म्हणतात. आपल्याकडे १९७५ च्या सुमारास जुन्या फिल्म बॅजची जागा त्यानं घ्यायला सुरुवात केली. आत एक छोटं कार्ड असतं, त्यावर तीन गोल चकत्या. चकत्यांमध्ये कॅल्शियम सल्फेट आणि त्यात किंचित डिस्प्रोसियम नावाचा धातू. किरणं चकतीवर पडली की त्यांच्या ऊर्जेचा थोडा अंश स्फटिकात अडकून राहतो. वास येत नाही, रंग बदलत नाही, हाताला काही लागत नाही. तीन महिन्यांनी कार्ड प्रयोगशाळेत जातं. तिथं ते तापवतात, तेव्हा अडकलेली ऊर्जा प्रकाश होऊन बाहेर पडते. जितका प्रकाश, तितकी मात्रा.

यातली एक गोष्ट मला विलक्षण वाटते. चकती तापवली की तिच्यातली साठवण निघून जाते. कार्ड पुन्हा कोरं होतं आणि पुन्हा वापरायला जातं. म्हणजे तीन महिन्यांत त्या माणसावर काय पडलं याचा साक्षीदार एकदाच बोलतो, आणि बोलता बोलता सगळं विसरतो. त्यानंतर उरतो तो फक्त लिहून ठेवलेला आकडा. एरवी नोंद म्हणजे घडलेल्या गोष्टीची नक्कल असते. नक्कल हरवली तर मूळ कुठेतरी सापडतं. इथं मूळच उरत नाही.

शरीराचंही तसंच. किरणांनी पेशीत केलेला बदल दिसत नाही, दुखत नाही. फार मोठी मात्रा मिळाली तर कातडी भाजते, उलट्या होतात, रक्तातल्या पेशी घटतात. कामाच्या ठिकाणी मिळणारी छोटी मात्रा यातलं काहीच करत नाही. सुताराच्या हाताला घट्टे पडतात, विडी वळणारीची पाठ वाकते, गुऱ्हाळात चुलवाणासमोर बसणाऱ्याचा चेहरा काळवंडतो. त्यांचं काम त्यांच्या अंगावर लिहिलेलं असतं. आण्णांच्या अंगावर एकतीस वर्षांचं काहीच लिहिलेलं नाही. त्यांच्यासाठी लिहिण्याचं काम बॅजकडे सोपवलेलं होतं, आणि बॅज खिळ्याला होता.

एक टक्क्याचा प्रश्न

आण्णांच्या बाजूनं एक युक्तिवाद करता येतो, आणि तो हलका नाही. भारतात किरणांसोबत काम करणाऱ्यासाठी मर्यादा आहे: पाच वर्षांच्या सरासरीनं वर्षाला २० मिलिसिव्हर्ट, आणि कुठल्याही एका वर्षात ३० पेक्षा जास्त नाही. सामान्य नागरिकासाठी वर्षाला १. आता तुलनेसाठी: माती, हवा, अन्न आणि आकाशातून येणारी नैसर्गिक किरणं मिळून जगातल्या सरासरी माणसाला वर्षाला साधारण २.४ मिलिसिव्हर्ट मिळतातच. नीट काम करणाऱ्या बहुतेक एक्स-रे तंत्रज्ञांची मात्रा मर्यादेच्या कितीतरी खाली असते. म्हणजे आण्णांनी बॅज छातीला लावला असता तरी आकडा लहानच आला असता. मग लहान आकडा आणि शून्य यात एवढा काय फरक?

एका माणसापुरतं पाहिलं तर जवळजवळ काही नाही. पण प्रश्न एका माणसाचा नाही. फ्रान्स, ब्रिटन आणि अमेरिका या तीन देशांतल्या अणुउद्योगात काम केलेल्या तीन लाखांहून अधिक कामगारांच्या नोंदी एकत्र करून एक अभ्यास झाला, 'इनवर्क्स' नावाचा. त्याचा २०२३ सालचा निष्कर्ष असा, की साठलेल्या मात्रेच्या प्रत्येक ग्रेमागे गाठींच्या कॅन्सरनं होणाऱ्या मृत्यूचा दर ५२ टक्क्यांनी वाढतो. एक ग्रे ही फार मोठी मात्रा झाली. २० मिलिग्रेला हाच हिशेब लावला तर वाढ साधारण एक टक्का येते.

ही एक टक्का वाढ कुठल्याही डॉक्टरला कुठल्याही पेशंटमध्ये दिसणार नाही. कॅन्सर झालेल्या माणसाच्या गाठीवर 'ही किरणांमुळे' आणि 'ही तंबाखूमुळे' असं लिहिलेलं नसतं. ती वाढ दिसते ती लाखो माणसांचे अनेक दशकांचे आकडे शेजारी शेजारी ठेवल्यावरच. त्या अभ्यासातले कित्येक कामगार आता हयात नाहीत. १९५०-६० च्या दशकांत त्यांनी छातीला बॅज लावला, कुणा कारकुनानं आकडा उतरवला, आणि साठ-सत्तर वर्षांनी त्या आकड्यांनी आजच्या कामगाराला सांगितलं, की छोटी मात्राही अगदी निरुपद्रवी धरू नका. त्यांना स्वतःला त्याचा काही उपयोग झाला नाही.

म्हणजे नोंद ही विम्यासारखी फक्त आपल्यासाठी काढलेली नसते. तिच्यात आपण अनोळखी माणसांच्या वतीनं साक्ष देत असतो. एक खोटं शून्य त्या साक्षीत मिसळलं तर फारसं बिघडत नाही. पण हजार दवाखान्यांतल्या हजार खिळ्यांवर हजार बॅज लटकले, तर संपूर्ण वही सांगते, 'या कामात काही धोका नाही', आणि पुढचा कायदा, पुढची मर्यादा, पुढच्या खोलीच्या भिंतीची जाडी त्या वहीवरून ठरते. आपलं एकट्याचं मत न दिल्यानं निवडणूक बदलत नाही, तरी मतदान न करणं आपल्याला खटकतं. तसंच हे.

कैगा आणि मायापुरी

नोंद ठेवली तर काय होतं आणि नाही ठेवली तर काय, याच्या दोन गोष्टी एकमेकींपासून पाच महिन्यांच्या अंतरावर घडल्या.

नोव्हेंबर २००९. कारवारजवळचं कैगा अणुवीज केंद्र, उत्तर कन्नड जिल्ह्यात. तिथं पिण्याच्या पाण्याच्या एका कूलरमध्ये ट्रिटियम असलेलं जड पाणी मिसळलं गेलं. ट्रिटियमला चव नाही, रंग नाही. पन्नासहून अधिक कामगारांच्या पोटात ते गेलं. कळलं कसं? कामगारांच्या लघवीची नेहमीची तपासणी होत होती, तिच्यात आकडे चढलेले दिसले. कुणी आजारी पडलं नव्हतं, कुणी तक्रार केली नव्हती. कंटाळवाण्या, रोजच्या नोंदवहीनं ते पकडलं. मग कूलर सापडला, माणसांवर उपचार झाले आणि बातमी देशभर गेली.

एप्रिल २०१०. दिल्लीतला मायापुरीचा भंगार बाजार. दिल्ली विद्यापीठाच्या रसायनशास्त्र विभागातलं एक जुनं, अनेक वर्षं बंद पडलेलं यंत्र त्या फेब्रुवारीत लिलावात भंगार म्हणून विकलं गेलं होतं. त्यात कोबाल्ट-६० होतं. कामगारांनी ते फोडलं. एकानं चकाकणारा तुकडा पाकिटात घालून खिशात ठेवला. कातडी काळी पडली, केस गळाले, तेव्हा दवाखान्यात शंका आली. एकाचा मृत्यू झाला, इतर अनेक जण गंभीर आजारी पडले. त्यांच्या छातीला बॅज असण्याचा प्रश्नच नव्हता. किती मात्रा मिळाली हे त्यांच्या रक्तातल्या तुटलेल्या गुणसूत्रांवरून मागाहून काढावं लागलं.

जिथं वही होती तिथं माणसं आजारी पडण्याआधी यंत्रणेला कळलं. जिथं वही नव्हती तिथं माणसाचं शरीरच वही झालं. मायापुरीत हरवलेली नोंद कामगारांची नव्हती हेही लक्षात घ्या. ती यंत्राची होती. आत काय आहे हे कागदावर होतं, पण कागद आणि यंत्र यांची फारकत झाली होती. त्याची किंमत मात्र ज्याला त्या कागदाचा पत्ताच नव्हता त्या हातगाडीवाल्यानं, कटरवाल्यानं मोजली.

लपवणारा हात कुणाचा

आता पुन्हा आण्णांकडे. इतकं सगळं वाचल्यावर त्यांच्यावर रागावणं सोपं आहे. मला ते न्यायाचं वाटत नाही.

डिसेंबर २०११ मध्ये जपानच्या फुकुशिमा केंद्रात, अपघातानंतरच्या सफाईच्या कामावर, एका उपकंत्राटदाराच्या अधिकाऱ्यानं कामगारांना सांगितलं, की अंगावरच्या मात्रामापकावर शिशाचा पत्रा बसवा. शिसं किरणं अडवतं, म्हणजे मापक कमी आकडा दाखवणार. पुढच्या जुलैमध्ये हे उघड झालं. काही कामगारांनी नकार दिला, काहींनी पत्रा बसवला. शिसं शरीराला संरक्षण देण्यासाठी वापरायचं असतं. इथं ते मोजमापाला 'संरक्षण' देत होतं. कारण साधं होतं. मर्यादा ओलांडली की त्या कामावरून बाहेर. बाहेर म्हणजे मजुरी बंद.

इथं नोंदीचा स्वभावच उलटा होतो. जो आकडा कामगाराच्या रक्षणासाठी आहे, तोच त्याच्या पोटावर येतो. उसाच्या फडात कोयता लागलेला मजूर जखमेवर फडकं गुंडाळून मुकादमापासून लपवतो, कारण खाडा पडला तर उचल फिटायची कशी? त्याला आपण खोटारडा म्हणत नाही. जिथं खरं बोलण्याची शिक्षा फक्त बोलणाऱ्याला होते, तिथं खरेपणाची अपेक्षा करणं हे उपदेशकाचं काम आहे, न्यायाचं नाही.

मालकाकडून लपवणं मात्र वेगळं. अमेरिकेत १९१७ पासून न्यू जर्सीच्या एका कारखान्यात मुली घड्याळाच्या तबकड्यांवर रेडियमचा चमकणारा रंग लावत. ब्रशला टोक यावं म्हणून तो ओठात धरत. जबड्याची हाडं सडायला लागली तेव्हा कंपनीनं हार्वर्डच्या तज्ज्ञांकडून तपासणी करून घेतली. अहवाल कंपनीच्या विरोधात गेला. कंपनीनं तो दाबला आणि सरकारकडे त्याचा बदललेला गोषवारा पाठवला, ज्यात सगळ्या मुली ठणठणीत असल्याचं म्हटलं होतं. पाच जणी कोर्टात गेल्या, १९२८ मध्ये तडजोड झाली. तोवर त्यांच्या अनेक मैत्रिणी गेल्या होत्या.

दोन्हीकडे नोंद खोटी झाली. एका ठिकाणी खोटं बोलणाऱ्यानं स्वतःचं शरीर पणाला लावलं, दुसऱ्या ठिकाणी दुसऱ्याचं. नैतिक हिशेबात या दोन गोष्टी एका रकान्यात मांडता येत नाहीत. आण्णा या दोघांच्या मधे कुठेतरी उभे आहेत. त्यांनी खरा आकडा लपवला नाही, त्यांनी चुकीच्या आकड्याची चौकशी टाळली. ती चौकशी खरं तर त्यांच्या बाजूची होती. जास्त आकडा आला की तो खरोखर माणसाला मिळाला, की बॅज आत राहिल्यामुळे आला, हे शोधायचं असतं आणि तसं ठरलं तर तो आकडा माणसाच्या खात्यातून वगळतातही. म्हणजे यंत्रापुढे माणसाच्या शब्दाला किंमत देणारी ती पायरी होती. पण आण्णांपर्यंत ती पोचली ती डॉक्टरांच्या वैतागाच्या रूपात. 'पुन्हा असं पत्र यायला नको', एवढंच त्यांना सांगितलं गेलं. पत्र का आलं हे कुणी सांगितलं नाही. मग त्यांनी पत्र येणार नाही अशी सोय केली. आपण सगळे हेच करतो. शाळेत हजेरीला, बँकेत केवायसीला, रोजगार हमीच्या मस्टरला.

म्हणून माझं मत असं झालं आहे: खरी नोंद हवी असेल तर खरं बोलणाऱ्याची नोकरी आधी सुरक्षित करावी लागते. आकडा वाढला तर माणसाला पगार न कापता दुसरं काम द्यायचं, खोलीची भिंत तपासायची, मशीन तपासायचं. हे होत नसेल तर बॅज हे कामगारावर नजर ठेवायचं आणखी एक साधन उरतं, आणि नजरेपासून माणूस लपतोच.

यादीत नसलेले

त्या दिवशी आणखी एक गोष्ट पाहिली होती. माझ्याआधी एका लहान मुलीचा हाताचा एक्स-रे होता. आजऱ्याकडच्या कुठल्या वाडीवरून आलेले आईबाप. मुलगी रडत होती, हात स्थिर ठेवेना. दवाखान्यातल्या मावशी आत गेल्या आणि त्यांनी तिला धरलं. मी विचारलं तेव्हा आण्णा म्हणाले, "मावशीच धरत्यात. रोजचंच हाय." मावशींना ना ॲप्रन, ना बॅज. त्या कागदावर सफाई कामगार आहेत.

आण्णांच्या नावापुढे निदान खोटं शून्य आहे. मावशींच्या नावापुढे रकानाच नाही. हाडांच्या ऑपरेशनमध्ये सी-आर्म मशीन चालू असताना पाय धरून उभा राहणारा वॉर्डबॉय, बॉयलरच्या वेल्डिंगची इरिडियमनं तपासणी चालू असताना दोरी लावून माणसं अडवणारा हेल्पर, यांचंही असंच होऊ शकतं. नोंदवहीत नाव येण्यासाठी आधी कुणीतरी तुम्हाला 'किरणांसोबत काम करणारा' म्हणून मोजावं लागतं.

वैयक्तिक मर्यादेत आणखी एक पळवाट आहे. समजा एखादं काम करायला एकूण २०० मिलिसिव्हर्ट 'खर्च' होणार आहेत. दहा जणांनी केलं तर प्रत्येकी २०. चाळीस जणांनी केलं तर प्रत्येकी ५. चाळीस हंगामी माणसं आणली की प्रत्येकाचा कागद स्वच्छ. एकूण मात्रा तितकीच राहते, फक्त ती इतक्या अंगांवर वाटली जाते की कुठल्याच अंगावर दिसत नाही. तज्ज्ञ यासाठी 'सामूहिक मात्रा' मोजतात, सगळ्यांची बेरीज. ही बेरीज समोर ठेवली नाही, तर मर्यादा पाळणं म्हणजे फक्त माणसं बदलत राहणं होतं. आणि बदलली जाणारी माणसं कोण असतात हे आपल्याला सांगायला नको.

"जगला असता तर"

ही वही किती वर्षं ठेवायची? आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेच्या सुरक्षा मानकांत याचं उत्तर आहे, आणि कुठल्याही नियमपुस्तकात मला इतकं हेलावणारं वाक्य सापडलेलं नाही. कामगाराच्या नोंदी, तो पंचाहत्तर वर्षांचा होईपर्यंत, 'किंवा झाला असता तोपर्यंत', आणि काम सोडल्यानंतर किमान तीस वर्षं जपाव्यात.

'झाला असता तोपर्यंत.' म्हणजे माणूस पन्नाशीत गेला तरी वही बंद करायची नाही. त्याच्या न जगलेल्या पंचवीस वर्षांतही त्याचा आकडा फडताळात जागा राहील. कशासाठी? कारण रक्ताचा कॅन्सर काही वर्षांनी आणि गाठींचा दहा, वीस, तीस वर्षांनी येऊ शकतो. कारण त्याच्या बायकोला, मुलाला कधी भरपाई मागावी लागेल. आपल्या भरपाईच्या कायद्यात किरणांमुळे होणारे आजार व्यावसायिक आजार म्हणून नोंदलेले आहेत. पण तो हक्क सांगायला कागद लागतो. आण्णा साठाव्या वर्षी थांबले, तर त्यांचा आकडा ते नव्वदीचे होईपर्यंत जपला गेला पाहिजे.

आमच्या तालुक्यात नेसरी आहे. २४ फेब्रुवारी १६७४ ला प्रतापराव गुजर सहा स्वारांसह बहलोलखानाच्या फौजेवर चालून गेले, तिथं आज स्मारक आहे. एका क्षणात जाणाऱ्यांची आठवण आपण दगडात ठेवतो. जर्मनीत हॅम्बुर्गच्या एका दवाखान्याच्या बागेतही असा एक दगड आहे. १९३६ साली तो उभारला तेव्हा त्यावर एक्स-रे आणि रेडियमच्या कामात बळी गेलेल्या १६९ डॉक्टर, तंत्रज्ञ, परिचारिकांची नावं होती. पुढे ती ३५९ झाली. त्यांच्या काळात कुणी मात्रा मोजत नव्हतं. हात काळे पडले, बोटं कापली, मग माणसं गेली, तेव्हा कळलं. आज तसं कुणी जात नाही. आज जाणारा कशामुळे गेला हे कळत नाही, म्हणून त्याचं नाव कुठल्याच दगडावर येणार नाही. त्याच्यासाठी जे काही स्मारक शक्य आहे ते म्हणजे वहीतली ती ओळ. ती खरी तरी असावी.

देहाचा सातबारा

आपल्याकडे जमिनीच्या नोंदीचं किती वेड आहे पाहा. बांधावरचं एक झाड, विहिरीतला आठ आण्यांचा हिस्सा, आजोबांच्या काळातला बोजा, सगळं सातबाऱ्यावर असतं. एक नाव चुकलं तर माणूस तलाठी ते प्रांत खेटे घालतो, दोन पिढ्या कोर्टात जातात. ज्या देहानं ती जमीन कसली त्याचा उतारा मात्र कुणी मागत नाही. मागायचा असतो हेही माहीत नसतं.

तो मागता येतो. अणुऊर्जा (किरणोत्सार संरक्षण) नियम, २००४ नुसार मालकानं कामगाराला त्याच्या मात्रेची नोंद दरवर्षी, त्यानं मागितल्यावर आणि नोकरी सोडताना द्यायची असते. नव्या मालकानं जुन्या मालकाकडून ती मागून घ्यायची असते. प्रत्येकाला मिळालेला नंबर दवाखाना बदलला तरी बदलत नाही. तुर्भ्याच्या भाभा अणुसंशोधन केंद्रातल्या राष्ट्रीय नोंदवहीत त्याच नंबरावर सगळं जमा होतं. तुमच्या घरात, गल्लीत कुणी एक्स-रे, सीटी, कॅथलॅब, रेडिओग्राफीच्या कामावर असेल तर त्यांना एवढं एक वाक्य जरूर सांगा.

मी आण्णांना सांगितलं. ते म्हणाले, "मागून काय करू? शून्यच आसणार." तरी जानेवारीत त्यांनी मागितला. क्लार्कनं दोन आठवडे लावले, पण कागद दिला. संध्याकाळी ते आमच्या कट्ट्यावर घेऊन आले. आम्ही मोबाईलच्या उजेडात पाहिला.

पान मुळातच उशिरा सुरू होत होतं. पहिल्या दवाखान्यात सहा वर्षं बॅजच नव्हता, ती सहा वर्षं कुठेच नव्हती. मग काही छोटे आकडे, काही शून्यं. मग तो एक मोठा आकडा, ज्याच्यामुळे पत्र आलं होतं. आणि त्यानंतर सरळ खाली, शून्य, शून्य, शून्य.

आण्णा बराच वेळ बोटानं रकाना चाचपत राहिले. "हितवरची खरी," ते म्हणाले, "आणि हितनं पुढची खिळ्याची." मग थोड्या वेळानं, "खरं शून्य कुठलं आणि खिळ्याचं कुठलं, हे माझ्याबिगर कोण सांगणार रं? उद्या मी नसलो तर?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. मी एवढंच म्हणालो, की दवाखान्यातल्या रजिस्टरमध्ये रोज किती एक्स-रे निघाले ते असेलच, त्यावरून जाणकाराला ढोबळ अंदाज तरी काढता येईल. आण्णांनी कागद घडी करून खिशात ठेवला. दुसऱ्या दिवशी त्यांनी एक दोनशेपानी वही आणली. तिच्या पहिल्या पानावर, कुठल्या महिन्यापासून कुठल्या महिन्यापर्यंत बॅज अंगावर नव्हता ते त्यांनी तारखांसह लिहिलं आणि खाली सही केली. ती वही कुणाला द्यायची, दिली तर दवाखान्यावर काय येईल, आपल्यावर काय येईल, हे त्यांचं अजून ठरलेलं नाही. मी त्यांना घाई करणार नाही. ती जोखीम माझी नाही.

गेल्या आठवड्यात टाक्याची पट्टी काढायला म्हणून आईला घेऊन त्या दवाखान्यात गेलो होतो. कालनिर्णयशेजारच्या खिळ्याला सायकलची किल्ली होती. आण्णांच्या ॲप्रनखाली, शर्टाच्या खिशाला, बॅज होता. मावशींना मात्र अजून मिळालेला नाही. आण्णा म्हणाले, "डॉक्टरांस्नी म्हटलंय. परत म्हणतो."